हप्त्याचा वार

आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शनिवारी भरतो. बोकड विकायचा तर तिथं न्यावा, चार व्यापाऱ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवावा, कंबर चाचपावी, दोघांत चढाओढ लागली की मग सोडावा. त्या भागातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. पण तिचा हप्ता गुरुवारी असेल, तर बुधवारी संध्याकाळी दाराशी आलेल्या व्यापाऱ्यालाच तो बोकड द्यावा लागतो. गावात कुणाचा हप्ता कुठल्या वारी असतो, हे व्यापाऱ्यालाही पाठ असतं. बुधवारी त्याला घाई नसते, बाईला असते. समजा शनिवारी साडेनऊ हजारांना गेला असता, तो बुधवारी आठ हजारांना जातो. मधले दीड हजार कुठल्याच वहीत लिहिले जात नाहीत. व्याजाच्या रकान्यात ते दिसत नाहीत आणि दंडाच्याही नाहीत.

छोट्या कर्जांची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न व्याजाचा येतो, आणि तो यायलाच हवा. पण माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी पट्ट्यात जी कर्जं अडतात, त्यांतली बरीच तारखेपायी अडतात असं माझं ठाम मत आहे. बाईची कमाई एका चालीनं येते आणि हप्ता दुसऱ्याच चालीनं मागितला जातो. मधलं अंतर ती हातउसने घेऊन, दागिना गहाण ठेवून, नाहीतर आणखी एक कर्ज उचलून भरते. कर्ज देणाऱ्याच्या कागदावर तिची परतफेड मात्र चोख दिसते.

तासगावकडच्या द्राक्षबागांत मजुरी करणारी बाई घ्या. ऑक्टोबर छाटणीपासून तिच्या हाताला काम लागतं. पेस्ट लावणं, फुटवे काढणं, घडांची विरळणी, डिपिंग. जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत काढणी, त्यातच बेदाण्याच्या शेडवरचं काम. एप्रिलच्या खरड छाटणीमागे आणखी काही दिवस मिळतात. पाऊस लागला की जुलै-ऑगस्टात आठवड्याला दोन-तीन हजेऱ्या मिळाल्या तरी पुष्कळ. या बाईला बारा सारखे मासिक हप्ते बांधून दिले, तर बरेचसे ती मुकाट भरते आणि पावसाळ्यातले तिला रडवतात. तेच कर्ज नोव्हेंबर ते मे मोठ्या हप्त्यानं आणि पावसाळ्यात नुसत्या व्याजावर बांधलं, तर तीच बाई, तेवढंच कर्ज, कुणापुढं हात न पसरता फेडते. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जांबाबतचे निर्देश १४ मार्च २०२२ रोजी निघाले आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा काळ लवचीक ठेवण्याचं धोरण प्रत्येक संस्थेनं ठरवलं पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे आठवडी, पंधरवडी की मासिक हे विचारायचा बाईला अधिकार आहे. विचारायची वेळ सही करण्याच्या आधीची. एकदा हप्त्यांचं कार्ड छापून आलं की वार बदलत नाही.

आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारीची चाल अगदी निराळी. तिच्या हातात रोज रोकड येते आणि रोज जाते. तिला मासिक हप्ता जड जातो, कारण पैसा महिनाभर घरात थांबत नाही. डब्यात पडलेले हजार रुपये कुणाच्या औषधाला, पोराच्या वह्यांना, आल्यागेल्याला जातातच. तिला सोपा पडतो तो बाजार उठताना, गोणपाट गुंडाळायच्या आधी तिथंच द्यायचा हप्ता. तसं कर्ज मिळत नाही म्हणून ती सकाळी माल उचलायला सावकाराकडून ९०० रुपये घेते आणि संध्याकाळी १,००० परत करते. ती याला व्याज म्हणत नाही, 'शंभर कापले' म्हणते. असे २० बाजार झाले की २,००० रुपये गेले, आणि भांडवल अजून परक्याचंच. त्याच २० बाजारांत दर खेपेला ४५ रुपये बाजूला पडले असते तर ९०० रुपये तिचे स्वतःचे झाले असते. दुसरा प्रकार शंभर दिवसांचा. नावावर १०,०००, त्यातले १,५०० आधीच कापलेले, ८,५०० हातात, मग रोज १०० रुपये १०० दिवस. ऐकायला १५ टक्के. पण मुद्दल रोज परत जात असतं आणि मुदत तीन महिन्यांचीच असते, त्यामुळं वर्षाच्या हिशेबानं हा दर शेकडा १२० च्या आसपास पडतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करायची. नगरपालिकेच्या हद्दीत बसणारीसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांची कर्ज योजना आहे. तिथलं पहिलं कर्ज आधी १०,००० चं होतं, २०२५ मध्ये ते १५,००० झालं.

बचत गटावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण बाकीचे सगळे मार्ग त्याच्यापुढं परके आहेत. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडून या कामाची सुरुवात केली. पुढं गट गावोगाव झाले, आणि गावोगाव फुटलेही. का फुटतात ते एका बैठकीत नीट पाहिलं तर कळतं.

देवळाच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली. मधोमध पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरी राहते, किल्ली दुसरीच्या घरी, आणि ही व्यवस्था चांगल्या गटात कधी मोडत नाही. हजेरी झाली की मागच्या बैठकीची शिल्लक मोठ्यानं वाचायची. चांगल्या गटात वाचायचीही गरज पडत नाही. "अक्का, शिल्लक किती?" म्हटलं की न शिकलेल्या बायकाच आधी आकडा सांगतात, कारण त्या लिहून ठेवत नाहीत, ध्यानात ठेवतात. मग एकेकीनं बचत पेटीवर ठेवायची, सगळ्यांसमोर मोजायची, तिच्या पासबुकात आणि गटाच्या खातेवहीत त्याच बैठकीत लिहायची. मग कर्जाचे हप्ते, त्यानंतर नवी मागणी. शेवटी रोकड मोजून रोकडवहीशी जुळवायची आणि उठायच्या आधी इतिवृत्तावर सह्या, अंगठे.

बिघाड सुरू होतो 'वही मी घरी नेऊन लिहिते' या वाक्यापासून. लिहिणारी सहसा प्रामाणिक असते. दहावी-बारावी झालेली एकटीच सून, तिच्यावर सगळ्यांचा भार. पण तीन बैठकींचं एकदम लिहायला बसलं की कुणाचे २०० आले, कुणाचे नाहीत, हे आठवणीवर जातं. दोन महिन्यांनी दोघींचं भांडण लागतं आणि पुरावा कुणाकडंच नसतो. दुसरा बिघाड बँकेच्या पावतीचा. खातं अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सहीनं चालतं. एकीला मजुरी बुडवून सारखं बँकेत जायला नको म्हणून ती कोऱ्या पैसे काढायच्या पावत्यांवर आधीच सह्या करून ठेवते. माणसाची नियत फिरायला वेळ लागत नाही, घरात कुणी आजारी पडलं एवढंही कारण पुरतं. कोऱ्या पावतीवर सही करायची नाही, हा नियम गटाच्या पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावा.

आकडे साधे आहेत. १२ बायका, महिना २०० रुपये, म्हणजे दरमहा २,४००, सहा महिन्यांत १४,४००. हे पैसे बँकेत झोपवायचे नाहीत, गटातच फिरवायचे. शेकडा दोन दरमहा हा सर्रास चालणारा दर. एकीनं ५,००० घेतले आणि पाच महिन्यांत हजार-हजारानं फेडले तर व्याज १००, ८०, ६०, ४०, २० मिळून ३०० होतं, आणि ते गटाच्याच पेटीत राहतं. हा हिशेब प्रत्येकीला बोटांवर यायला हवा. उरलेल्या मुद्दलावर व्याज म्हणजे काय, हे पाच ओळींत जिला कळलं, तिला पुढं सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपनीचं कार्ड वाचून फसवणं अवघड जातं.

बचतीची रक्कम किती ठेवावी यावर खूप चुकतं. गटातल्या सगळ्यात गरीब बाईला पावसाळ्यातही जमेल तेवढीच ठेवायची. चार शेतकरणी आणि आठ मजूर बायका असतील आणि शेतकरणींच्या उत्साहानं ५०० ठरले, तर वर्षाच्या आत तीन-चार मजूर बायका गळतात. गळताना त्या काही बोलत नाहीत, फक्त बैठकीला यायच्या थांबतात. जिच्यासाठी गट काढला तीच आधी जाते. हे पाहायला फार वाईट वाटतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री सहा महिने पाळली की गट बँकेच्या कर्जाला पात्र होतो. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना पहिलं कर्ज गटाच्या स्वतःच्या जमा निधीच्या सहापट किंवा किमान १.५ लाख, यांतलं जास्त असेल ते, असं धरलं जातं. १० लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर बँकेनं बोजा चढवायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बचतीतले पैसे 'कर्ज फिटेपर्यंत काढता येणार नाहीत' असं कुणी तोंडी सांगितलं, तर लेखी मागावं.

कर्ज आलं की ते सगळ्यांत सारखं वाटून टाकायचा मोह होतो. दीड लाख, १२ बायका, प्रत्येकीला साडेबारा हजार. भांडण नको म्हणून केलेली ही वाटणी पुढच्या भांडणाचं मूळ असते. जिला म्हैस घ्यायची तिला ते पुरत नाहीत, आणि जिला गरजच नव्हती तिचे घरात विरघळतात. दोघींचे हप्ते थकतात.

गटाला वेळ लागतो, कंपनीचं कर्ज मात्र आठ-पंधरा दिवसांत दारात येतं. म्हणून पाच-दहा बायकांचे संयुक्त जबाबदारीचे गट वाढले. तारण नाही, एकमेकींची हमी. या कर्जांना सरसकट लुटारू म्हणणं मला पटत नाही. मुलीच्या फीला, विहिरीच्या मोटारीला, दवाखान्याला त्यांनी वेळेवर पैसा दिलेला आहे. पण कागद वाचता आला पाहिजे. ३०,००० रुपये, १२ महिने, 'सरळ १२ टक्के' म्हणजे ३,६०० व्याज आणि २,८०० चा हप्ता. सहा महिन्यांनी बाईकडं निम्मंच मुद्दल उरलेलं असतं, तरी व्याज पूर्ण ३०,००० वरच चाललेलं असतं. घटत्या शिल्लकीवर मांडलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांजवळ जातो. तथ्यपत्रक नावाचा एक कागद कर्जासोबत देणं बंधनकारक आहे, त्यात वार्षिक टक्केवारी दर म्हणून हाच खरा आकडा असतो. ज्यांना एवढं वाचायचं नाही त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत. फी आणि विमा कापून हातात किती पडणार? आणि शेवटच्या दिवसापर्यंत एकूण किती भरायचे? विमा सक्तीचा नसतो, घ्यायचा की नाही ते बाई ठरवते. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही.

रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत सूक्ष्म कर्जाची व्याख्या आणि हप्त्यांची हद्द आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, कर्ज विनातारण, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. मोटारसायकलचा हप्ताही यात येतो. घरात महिन्याला १५,००० येत असतील तर हद्द ७,५०० ची. २,२०० चा एक असे चार हप्ते झाले की ८,८०० होतात, म्हणजे हद्द ओलांडली. ती ओलांडली जाते कारण फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहिलेलं असतं. लिहिणारा म्हणतो, "ताई, एवढं दाखवल्याशिवाय बसत नाही." तिथंच थांबायला हवं. या क्षेत्रातल्या संस्थांच्या संघटनेनं, एमफिननं, आपल्या सदस्यांना एका कर्जदारामागं एकूण दोन लाखांची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२५ पासून तीनच संस्थांची. संघटनेबाहेरचा देणारा मात्र या हिशेबात नसतो.

आणखी एक गोष्ट गावागावात होते आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. शेजारीण म्हणते, माझ्या नावावर आता मिळत नाही, तुझ्या नावावर काढून दे, हप्ता मी भरते, तुला दोन हजार देते. कागद, फोटो, अंगठा सगळं नाव देणारीचं. शेजारीण चार हप्ते भरते, मग माहेरी नाहीतर पुण्याला जाते. पतमाहिती कंपनीच्या, म्हणजे सिबिलसारख्या संस्थेच्या, नोंदीत थकबाकीदार म्हणून नाव देणारी लागते, आणि पुढं तिच्या पोराच्या शिक्षणकर्जाला सही करायला ती चालत नाही. या व्यवहाराला पंचायत, पोलीस, बँक कुणीही तिचा व्यवहार नाही असं म्हणू शकत नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून आपल्या नावावर किती कर्जं आहेत ते पाहावं.

वसुलीचे नियम बायकांना पाठ असावेत असं मला मनापासून वाटतं. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा. ओळीनं दोन किंवा अधिक वेळा ती तिथं आली नाही तरच घरी किंवा कामावर जायचं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही, नाव जाहीर करणं नाही. एकीचा हप्ता थकला म्हणून बाकीच्या चौघींना तिच्या दारात रात्रीपर्यंत बसवून ठेवणं, हा त्या नियमांचा चोरवाटेनं केलेला भंग आहे. त्यातून शेजारणींची बोलाचालीची नाती कायमची तुटतात. तक्रार आधी संस्थेकडं लेखी करायची, पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, फी नाही. माहितीसाठीचा क्रमांक १४४४८.

आता पुन्हा शेळीकडं, कारण या भागात महिला कर्जाचा मोठा वाटा तिच्यावर जातो आणि हप्त्याचं गणित तिच्याच पायात अडकतं. रिकामी शेळी घेतली, ती माजावर येऊन भरली, की गाभणकाळ साधारण १५० दिवस. करडं विकायला सहा ते आठ महिने. म्हणजे खरेदीपासून पहिल्या विक्रीपर्यंत वर्ष जातं. हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून. ते अकरा हप्ते शेळी भरत नाही, बाईची मजुरी भरते. मजुरी बंद झाली की बाई शेळीच विकते, बहुधा गाभण असतानाच. धंदा बुडाला असं मग म्हटलं जातं. तो सुरूच झालेला नसतो.

म्हणून ४०,००० चं कर्ज असेल तर सगळ्या शेळ्या एकसारख्या घेऊ नयेत. एक तीन महिन्यांची गाभण, एक नुकती व्यालेली, पायाशी करडं असलेली. म्हणजे पहिली विक्री पाच-सहा महिन्यांवर येते आणि पुढच्या पाठोपाठ लागतात. उस्मानाबादी शेळीला जुळं होण्याचं प्रमाण चांगलं असतं, तिच्याकडं कल ठेवावा. खरेदी पावसानंतर, चारा असताना. एप्रिलात शेळी स्वस्त मिळते खरी, पण तिला जगवायचा चारा विकत घ्यावा लागतो. पैसे सगळे खरेदीत घालवायचे नाहीत, तीन-चार हजार चारा आणि औषधाला मागं ठेवायचे. बाजारातून आणलेलं जनावर १५ ते २० दिवस घरच्या जनावरांपासून वेगळं बांधायचं. एवढी एक गोष्ट न केल्यानं घरातली सगळी दावण बसल्याची उदाहरणं आहेत. पीपीआर या साथीच्या रोगाची लस, पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस, जंताचं औषध. विमा काढला असेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर पॉलिसीशी जुळवून पाहायचा. बिल्ला पडला तर लगेच कळवायचं. शेळी दगावली तर पुरायच्या आधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन आणि बिल्ल्यासह फोटो. घाईनं पुरली की दावा बुडाला. विक्रीचा काळ दोन वेळा जमतो. गुढीपाडव्यानंतरच्या यात्रा आणि बकरी ईद. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं येते, तेव्हा करडं कधीची हवीत हे मागं मोजून ठरवायचं आणि मोठा हप्ता तिथं ठेवून घ्यायचा.

कमाईच्या चालीवर पैसा बांधायचा हा विचार या मातीला नवा नाही. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ ची, चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. तिची मुळंही कर्जात नाहीत, बचतीत आहेत. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोजचे थोडे पैसे ठेवायला बँक हवी होती. तिचं खातं कुणी उघडेना. मग बायकांनीच बँक काढायची ठरवली. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्या काही महिने लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा मुंबईला गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवतो. परवाना मिळाला. नंतर बायका म्हणाल्या, बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी जाते. म्हणून बँक त्यांच्या दारात गेली. त्या प्लास्टिकच्या कागदाला मृगाची तारीख होती, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बचत कुठं ठेवावी याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पिग्मीवाला दारात येतो, दहा-वीस रुपये घेऊन जातो, ही सोय मोठी आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला पाच लाखांचं ठेव विमा संरक्षण नसतं, ते बँकांना असतं, त्यात सहकारी बँकाही आल्या. पिग्मी पतसंस्थेची असेल तर दर सहा महिन्यांनी रक्कम बँकेत वळवावी. आणि ३१ मेच्या आधी बँक खात्यात ४५६ रुपये राहतील असं पाहावं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६, अपघाताच्या सुरक्षा विम्याचे २०. कमावतं माणूस गेल्यावर हप्त्यांचं काय, याचं उत्तर पुष्कळ घरांत एवढ्यावरच अवलंबून असतं.

पोरांचं कर्ज हा निराळा विषय, आणि त्याला बायकांच्या कर्जाचा साचा लावून चालत नाही. अठराच्या आतल्या मुलाशी कर्जाचा करारच होत नाही, १८७२ च्या करार कायद्यानं. तोवर खातं आणि बचत. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ज्या जिल्ह्यात रुजवलं तिथं हे जड जाऊ नये. बालगृहात वाढलेल्या मुलाला याची दुप्पट गरज असते. अठरा पूर्ण झाल्यावर तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडं सहकर्जदार म्हणून सही करायला आई-बाप नसतात, रेशनकार्डावर नाव नसतं, आणि शाळेचा दाखला, आधार, बँक यांत नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडलेल्यांसाठी पुढच्या देखभालीची तरतूद आहे. पण कागद सतराव्या वर्षीच सरळ करून ठेवले पाहिजेत. पॅन, खातं, सगळीकडं एकच नाव, एकच जन्मतारीख. बाहेर पडल्यावर एकट्यानं हे करताना पोरगं कंटाळतं, आणि कंटाळलेलं पोरगं मोबाईलवरच्या ॲपकडं वळतं.

त्या ॲपांचा हिशेब पाहा. तीन हजार मागितले, अठराशे-दोन हजार खात्यात, सात दिवसांत तीन हजार परत. चुकलं की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर संदेश, फोटो. सप्टेंबर २०२२ पासूनचे रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत. कर्ज कुठल्या बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं ते ॲपनं सांगितलं पाहिजे, पैसा थेट कर्जदाराच्या खात्यात आला पाहिजे, फोनमधली नावं-नंबर मागता येत नाहीत, आणि ठरावीक दिवसांत दंडाशिवाय कर्ज परत करता येतं. मान्य संस्थांच्या ॲपांची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. धमकी आली तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करायचा, घरात सांगायचं. पोरं पैशापेक्षा घरच्यांच्या भीतीनं अडकतात.

विट्याकडची, आटपाडीकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर जातात. जाताना लागणारे पैसे बहुधा आईनं गटातून उचललेले असतात. पोरगं नव्या गावी हात बसवायला तीन-चार महिने घेतं, तोवर घरी काही धाडत नाही. हप्ता आईच्या अंगावर पडतो. इथं पहिले चार महिने नुसतं व्याज घ्यावं, एवढा ठराव गटाला सहज करता येतो.

गावातच राहणाऱ्या पोराला पहिलं कर्ज लहान द्यावं. दहा-पंधरा हजार, सहा ते नऊ महिने, आणि शक्यतो हत्यारांच्या रूपात. मोबाईल दुरुस्तीची अवजारं, शिलाई मशीन, दुचाकी सर्व्हिसिंगचा संच. दुकानदाराचं कोटेशन आणून पैसे थेट त्यालाच गेलेले बरे. आधी आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, शिकून घ्यावं. तिथं राहणं-जेवण मोफत, आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा असतो. मग केंद्राच्या मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज, ५०,००० पर्यंत, विनातारण. छोट्या धंद्याच्या सरकारी उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर उठून यावं. धंदा बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. उधारी, आणि घरखर्च व धंद्याचा पैसा एकाच खिशात. दोन डबे ठेवले तरी निम्मं काम होतं.

शेवटच्या हप्त्याचा दिवस बहुतेक घरांत नुसता येऊन जातो. त्या दिवशी कार्डावर बाकी शून्य लिहून, सही-शिक्का घ्यावा. कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखला मागावा. कर्ज काढताना दिलेले कोरे चेक असतील तर मोजून परत घ्यावेत. दोनेक महिन्यांनी पत अहवाल काढून कर्ज बंद दाखवलंय का ते पाहावं, नसेल तर दाखला जोडून लेखी कळवावं. आणि नव्या कर्जाचा फॉर्म त्याच दिवशी पुढं आला तर तो घरी नेऊन, पहिली विक्री कुठल्या वारी, कुठल्या महिन्यात होणार ते लिहून, मग पुढच्या बैठकीला आणावा.